टेक्सासमध्ये व्हिसावर असताना शिकार: आधी लायसन, बंदूक नंतर

ऑक्टोबर लागला की टेक्सासमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पोरांचे मेसेज चालू होतात. टीममधला अमेरिकन माणूस दरवर्षी डीअर सीझनला, म्हणजे हरणाच्या शिकारीच्या हंगामात, सुट्टी टाकतो, यंदा म्हणाला तू पण चल, मग जाता येतं का, त्याची बंदूक हातात घेतली तर चालतं का, व्हिसाला काही होत नाही ना. आणि गावाकडे फोन लावला की काका विचारतात, "तठे बंदूक चालस का रे?" तर भावांनो, चालते, पण आपल्यासारख्या व्हिसावाल्याला एका अटीवर चालते, आणि ती अट जन्मभर शिकार केलेल्या तिकडच्या लोकांनाही माहिती नसते कारण त्यांना ती कधी लागूच झालेली नाही. त्यामुळे "अरे काही होत नाही, धर" असं कोणी प्रेमाने म्हणालं तरी लगेच हात पुढे करू नका, आधी हे वाचा.

अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्यात, १८ यू.एस.सी. कलम ९२२ मध्ये, स्पष्ट लिहिलंय की नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुदतीच्या, व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगायचं नाही. एच-वन-बी, एल-वन, एफ-वनवाले विद्यार्थी, एच-फोरवर आलेली बायको, सगळे यात आले. याच कायद्यात पुढे काही अपवाद दिलेत आणि आपल्या कामाचा अपवाद एकच: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं, मुदत न संपलेलं हंटिंग लायसन, म्हणजे शिकारीचा परवाना, तुमच्याकडे असेल तर ही बंदी तुम्हाला लागू होत नाही. बास. ते लायसन असेल तर बंदूक कायदेशीर, नसेल तर तीच बंदूक गुन्हा. आणि हा गुन्हा साधासुधा नाही, २०२२ पासून याची कमाल शिक्षा १० वरून १५ वर्षांवर गेलीय, वर बंदुकीच्या गुन्ह्यावरून डिपोर्ट करता येतं ते वेगळंच.

बाळगणं म्हणजे विकत घेणंच असं नाही हे नीट लक्षात घ्या. वीकेंडला शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याची पिस्तूल चालवली, मित्राच्या रँचवर, म्हणजे गुराढोरांच्या मोठ्या शेतावर, त्याची रायफल दोन मिनिटं हातात घेतली, गाडीच्या डिकीत काडतुसांचा डबा पडून राहिला, हे सगळं बाळगण्यातच येतं. रेंजवरच्या काउंटरवर तुमचा व्हिसा कोणी विचारेलच असं नाही, पण विचारलं नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही. आपले कितीतरी जण रेंजवर जाऊन फोटो टाकतात, त्यांनी हे जरूर वाचावं. आधी लायसन काढा, मग जा, फोटोही टाका.

ग्रीन कार्ड आलं असेल तर ही अट नाही, तुम्ही मग इतरांसारखेच. ग्रीन कार्डचा अर्ज अडकलेला आहे, ईएडीवर, म्हणजे कामाच्या तात्पुरत्या परवान्यावर, काम चाललंय, अॅडव्हान्स पॅरोलवर, म्हणजे देशात परत येण्याच्या आगाऊ परवानगीवर, आत-बाहेर चालू आहे, अशांचं प्रकरण गुंतागुंतीचं असतं, तिथे इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन विचारा, व्हॉट्सअप ग्रुपवर नको.

आता क्रम सांगतो.

पहिलं काम हंटर एज्युकेशनचा कोर्स. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतो, म्हणजे आपल्यापैकी जवळपास सगळ्यांनाच. वय १७ च्या पुढे असेल तर पूर्ण कोर्स ऑनलाईन होतो, पण मी म्हणेन जमत असेल तर प्रत्यक्ष क्लासला जा. आपण लहानपणापासून बंदूक फक्त पोलिसाच्या नाहीतर बँकेच्या वॉचमनच्या खांद्यावर पाहिलेली असते, आपल्या हाताला तिची सवय नाही, तिकडच्या पोराला सातव्या-आठव्या वर्षापासून असते. क्लासमध्ये तुमच्या हातात देऊन दाखवतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चाला, नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला, निशाणा आणि निशाण्याच्या मागे काय आहे ते दिसल्याशिवाय चाप नाही, आणि तोपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. ऐकायला सोपं वाटतं, पण कुंपण ओलांडताना, मचाणावर चढताना, कोणी हाक मारली म्हणून वळताना नळी कुठे फिरते ते बघा, तिथेच अपघात होतात. कुंपण ओलांडायचं तर आधी गोळ्या काढायच्या, बंदूक पलीकडे ठेवायची, मग आपण जायचं. या कोर्सचं सर्टिफिकेट इतर राज्यांतही मान्य होतं, उद्या नोकरी बदलून कोलोराडोला गेलात तरी परत करावा लागत नाही.

दुसरं काम लायसन. वॉलमार्ट, अकॅडमी नावाचं खेळाच्या सामानाचं दुकान, गावातलं एखादं मासेमारीच्या सामानाचं दुकान किंवा टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफची वेबसाईट, कुठेही मिळतं. राज्यात सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर तुम्ही रेसिडेंट, साधं हंटिंग लायसन २५ डॉलरला. तेवढं झालं नसेल तर नॉन-रेसिडेंट, तेच ३१५ डॉलर. इथे व्हिसा कुठला ते बघत नाहीत, किती दिवस राहताय ते बघतात, त्यामुळे नवीन आला असाल तर थोडं थांबा, घाई कसली. फी अधूनमधून बदलते म्हणून भरण्याआधी एकदा बघून घ्या.

लायसनची मुदत मात्र डोक्यात कोरून ठेवा. टेक्सासचं लायसन १ सप्टेंबरला सुरू होतं आणि ३१ ऑगस्टला संपतं, तुम्ही मार्चमध्ये काढलं तरी ३१ ऑगस्टलाच संपतं. तिकडच्या माणसाचं लायसन संपलं तर त्याची फक्त शिकार बंद, बंदूक कपाटात खुशाल राहते. आपलं संपलं तर १ सप्टेंबरला कपाटातली बंदूकच बेकायदा. नवीन लायसन साधारण १५ ऑगस्टपासून विक्रीला येतं, म्हणजे मध्ये दोन आठवडे मिळतात, फोनवर रिमाइंडर लावून टाका. शिकारीला जायचा विचार नसला तरी, घरात बंदूक आहे तोवर दरवर्षी लायसन काढायचंच.

नवऱ्याच्या लायसनवर बायकोचं भागत नाही हे पण सांगतो. एच-फोरवर असलेल्या वहिनींना रेंजवर जायचं असेल, शिकारीला यायचं असेल, तर त्यांचा कोर्स वेगळा, लायसन वेगळं. त्यांना यात रसच नसेल तर बंदूक लॉकरमध्ये आणि किल्ली फक्त लायसन असलेल्याकडे.

तिसरं, बंदूक. घाई नसेल तर पहिलं वर्ष मित्राची वापरा, लायसन खिशात असेल तर चालतं. विकत घ्यायचीच तर दुकानात एटीएफचा, म्हणजे बंदुकांवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल खात्याचा, ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि हा फॉर्म सावकाश भरायचा. नागरिकत्व कुठलं ते लिहायचं, आय-९४ चा, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीचा, नंबर लिहायचा, आणि मग प्रश्न येतो, तुम्ही नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलाय का. तिथे खरं तेच, हो. पुढचा प्रश्न, तुम्हाला अपवाद लागू होतो का. त्यालाही हो, आणि लायसन काउंटरवर ठेवायचं, दुकानदार त्याची कॉपी फॉर्मसोबत ठेवतो. कधी कधी काउंटरवरच्या पोराला हे माहितीच नसतं, तो म्हणतो व्हिसावाल्याला देत नाही, तर वाद घालू नका, दुसऱ्या दुकानात जा, दुकानदाराने विकलंच पाहिजे असं काही नाही. त्याच फॉर्मवर गांजाचाही प्रश्न आहे, आणि एखाद्या राज्यात तो कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात नाही, कोलोराडोला जाऊन गांजाच्या गमी, म्हणजे गोळ्या, खाणाऱ्यांनी हे नीट वाचावं. या फॉर्मवर खोटं लिहिणं हाच वेगळा गुन्हा आहे.

फॉर्म झाला की दुकानदार एफबीआयकडे बॅकग्राउंड चेक टाकतो. नागरिक नसलेल्यांचा इमिग्रेशन रेकॉर्डही बघतात, त्यामुळे आपल्याला बऱ्याचदा 'डिलेड' येतं. घाबरू नका, डिलेड म्हणजे नकार नाही. टेक्सासमध्ये दोन रहिवाशांनी आपसात, फॉर्मशिवाय विकत घेणं-देणं चालतं, पण लायसनची अट तिथेही तुमच्या मागे येतेच, आणि तुमच्याकडे लायसन नाही हे माहीत असून विकणारा मित्र पण अडकतो.

हरणासाठी सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मध्यावर ठोका बसणारं, काडतूसच लागतं, .२२ रिमफायरने, म्हणजे कडेवर ठोका बसणाऱ्या छोट्या काडतुसाने, पांढऱ्या शेपटीचं हरीण मारणं टेक्सासमध्ये बेकायदा आहे. .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर मापाची रायफल घ्या, काडतुसं कुठेही मिळतात. आणि या सगळ्या बंदुकीच्या भानगडीत पडायचंच नसेल तर धनुष्यबाण! फेडरल कायद्यात धनुष्य म्हणजे फायरआर्म नाही, त्यामुळे व्हिसाची ती बंदी तिथे येतच नाही, फक्त हंटिंग लायसन आणि धनुष्यबाणाच्या खास सीझनला त्यावर आर्चरीची एंडोर्समेंट, म्हणजे जादा परवानगी, लागते. सराव मात्र फार लागतो आणि जनावराच्या बरंच जवळ जावं लागतं.

आता शिकार कशाची. हरणाचा जनरल सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि जानेवारीपर्यंत चालतो, सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्ताच्या अर्धा तास नंतरपर्यंत. काउंटीप्रमाणे, म्हणजे जिल्ह्याप्रमाणे, नियम बदलतात, बऱ्याच काउंटींमध्ये नराच्या शिंगांची आतली रुंदी १३ इंच तरी हवी, नाहीतर निदान एक शिंग बिनफाट्याचं हवं, यातलं काही नसेल तर तो नर सोडून द्यायचा. जाण्याआधी आपल्या काउंटीचं पान वाचा, मित्राच्या आठवणीवर जाऊ नका.

रानडुकराचं वेगळं आहे. तिथे ते बाहेरून आलेलं जनावर, शेतकऱ्याचा शत्रू, वर्षभर मारता येतं, मर्यादा नाही. आणि नेमका इथेच आपल्या लोकांचा घात होऊ शकतो. २०१९ पासून टेक्सासने नियम केला की खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला हंटिंग लायसन लागत नाही. तिकडचा मित्र खरंच सांगतो, "डुकराला लायसन लागत नाही, चल." त्याला लागत नाही! तुम्हाला डुकरासाठी नाही, तर बंदूक हातात धरण्यासाठी लागतं. राज्याचा नियम वेगळा, फेडरल नियम वेगळा. एवढी एक गोष्ट जरी या लेखातून लक्षात राहिली तरी माझं लिहिणं वाया गेलं नाही.

आणि रोही! हे कळलं तेव्हा मला खरं वाटेना. आपल्याकडे रात्रभर मचाणावर बसून, पत्र्याचे डबे वाजवून, मक्यातून आणि हरभऱ्यातून हाकलतो ती नीलगाय दक्षिण टेक्सासमध्ये किंग रँचवर १९३० च्या आसपास आणून सोडली आणि आता किनाऱ्याकडच्या भागात मोकाट फिरते. चितळ आणि काळवीट पण आहेत, हिल कंट्रीत, म्हणजे मध्य टेक्सासच्या टेकड्यांच्या भागात, १९३२ पासून. त्यांना तिथे एक्झॉटिक, म्हणजे परदेशी जनावरं, म्हणतात, राज्याचा सीझन नाही, बॅग लिमिट, म्हणजे किती मारायची ती मर्यादा, नाही, फक्त हंटिंग लायसन आणि जमीनमालकाची परवानगी. खाजगी रँचवर त्याचे चांगलेच पैसे मोजावे लागतात, पण लगुना अटास्कोसा नावाचं सरकारी वन्यजीव क्षेत्र आहे तिथे परमिट काढून नीलगायीची शिकार करता येते. ज्यांच्या घरी रोहीने पीक झोपवलंय त्यांना तिथे उभं राहिल्यावर काय वाटतं हे मी वेगळं सांगायला नको. पण म्हणून रागाने जाऊ नका. नीलगाय फार चिवट, गोळी मागे बसली तर मैलभर पळते आणि काट्यात जाऊन तडफडते, तिला मोठं कॅलिबर आणि शांत हात लागतो.

जागा कुठली हा मोठा प्रश्न असतो कारण टेक्सासची जवळपास सगळी जमीन खाजगी आहे. ओळखीचा रँचवाला असेल तर उत्तम, परवानगी मेसेजवर तरी लेखी घ्या. नसेल तर ४८ डॉलरचं अॅन्युअल पब्लिक हंटिंग परमिट मिळतं, त्यावर जवळपास दहा लाख एकर जमीन खुली होते, ह्यूस्टनवाल्यांना सॅम ह्यूस्टन नॅशनल फॉरेस्ट जवळ पडतं. शिवाय लॉटरीने मिळणारे हंट असतात, अर्जाची फी किरकोळ, दरवर्षी टाकत राहा. सरकारी जमिनीवर भडक नारिंगी कपडे सक्तीचे, निदान ४०० चौरस इंच आणि डोक्यावर टोपी पण. खाजगीत सक्ती नाही, तरी घालाच, हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही.

झाडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर तिथून मागे फिरायचं. निदान आठ इंच लांब, एक इंच रुंद, जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर असे पट्टे म्हणजे 'आत यायचं नाही' अशी पाटीच आहे, कायद्याने. आपण गावाकडे कोणाच्याही बांधावरून चालत जातो, कोणी काही म्हणत नाही, इथे ती सवय सोडावी लागते. जखमी हरीण कुंपणाच्या पलीकडे गेलं तरी मालकाला विचारल्याशिवाय मागे जायचं नाही. आणि सार्वजनिक रस्त्यावरून गोळी झाडायची नाही, कुठल्याच जनावरावर.

गोळी लागल्यावर लगेच धावू नका. जिथे जनावर उभं होतं ती जागा डोळ्यांनी धरून ठेवा, एखादं झुडूप, एखादा दगड, आणि अर्धा तास बसून राहा. मग जाऊन रक्त बघा. फिकट गुलाबी, फेसाळ, बुडबुडे असलेलं रक्त म्हणजे फुप्फुसात लागली, हरीण जवळच पडलेलं सापडेल. गडद रक्त आणि त्यात हिरवट चोथा दिसला तर पोटात लागलीय, मग परत फिरा आणि काही तास थांबा, लगेच मागे लागलात तर ते उठून आणखी लांब जातं आणि सापडत नाही. सापडेपर्यंत शोधायचं, अंधार झाला तरी, मदत बोलवायची. हे टाळायचं असेल तर खांद्याच्या मागची जागा स्पष्ट दिसेपर्यंत चाप ओढायचा नाही, हात थरथरत असेल तर जाऊ द्यायचं.

हरीण सापडलं की बाकी सगळ्याच्या आधी टॅग, म्हणजे शिकारीची चिठ्ठी. लायसनच्या कागदावर टॅग असतात, योग्य तो फाडून घ्यायचा, रँचचं नाव आणि काउंटी लिहायची, आणि महिना आणि तारीख चाकूने कापून काढायची, पेनाने गोल करून चालत नाही. मग तो टॅग शिंगाला किंवा पायाला बांधायचा, लायसनच्या मागच्या लॉगमध्ये नोंद करायची. फोटो नंतर. गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम तपासणारा अधिकारी, कधीही येऊ शकतो, तो आला तर बंदूक बाजूला ठेवून, हात दिसतील असे ठेवून, सरळ उत्तरं द्या. लायसन, ओळखपत्र, आय-९४ ची प्रिंट सोबत ठेवा. नीलगाय, चितळ, डुकराला टॅग लागत नाही.

साफ करताना रबरी हातमोजे, डुकराला तर नक्कीच. रानडुकरांत ब्रुसेलोसिस नावाचा रोग असतो, हाताच्या छोट्या जखमेतून माणसाला होतो. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजलं पाहिजे, आपली भाजी शिजायला लागते तेवढा वेळ दिला तर काळजीच नाही. खाण्यासारखं मांस फेकून देणं किंवा सडू देणं हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे आणि मला हा कायदा मनापासून पटतो. विकता मात्र येत नाही. प्रोसेसरकडे, म्हणजे मांस कापून-बांधून देणाऱ्याकडे, दिलं तर आधीच सांगा की सॉसेजमध्ये डुकराची चरबी घालू नका, ते न विचारता घालतात, आणि नंतर घरात कोणी खात नाही. मी तर सरळ तुकडे करून घेतो. हरणाच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते, म्हणून तेल जरा सढळ, कांदा-खोबरं जाळून केलेला आपला काळा मसाला, कुकरला मंद आचेवर, सोबत कळण्याची भाकरी. फार झालं तर हंटर्स फॉर द हंग्रीला द्या, ते गरजूंपर्यंत पोचवतात.

अमेरिकेत नसलेल्यांसाठी थोडक्यात. जर्मनीत आधी परीक्षा, लेखी, तोंडी आणि निशाणेबाजीची, मग शिकारीचा विमा, आणि शिकारीचा हक्क जमिनीला जोडलेला, स्वतःचं क्षेत्र म्हणायला निदान ७५ हेक्टर सलग लागतं, त्यामुळे कोणाच्या तरी सोबतच जावं लागतं. न्यूझीलंडमध्ये हरीण बाहेरून आलेलं म्हणून सरकारी जंगलात त्याचं परमिट फुकट मिळतं, पण बंदुकीचं लायसन आधी, आणि जून २०२३ पासून बंदुकांची नोंदणी सुरू झालीय. आखाती देशांत नोकरी करणाऱ्यांनी टेक्सासचं ऐकून तिथे काही करायला जाऊ नये.

भारतात परत येण्याआधीचं सगळ्यात महत्त्वाचं. शिंग, कातडी, खूर, दात, काहीही बॅगेत टाकू नका. काळवीट तिथे विकत घेऊन मारलेलं असलं तरी आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते संरक्षित आहे, मुंबईच्या कस्टमला टेक्सासची पावती दाखवून सुटका होणार नाही. अमेरिकेतून बाहेर नेतानाही तिथल्या वन्यजीव खात्याचे नियम बघावे लागतात. मांसही आणायचं नाही. आणि गावी येऊन सातपुड्यात, यावल-चोपड्याच्या बाजूला, "तिकडे करतो तर इकडे काय" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. रोही आणि रानडुक्कर पीक खातात हे खरंय, पण इथे वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही, पंचनामा करून नुकसानभरपाईचा अर्ज टाकायचा, त्यात घरच्यांना मदत करा.

शिकारीला नेलेली बॅग, जॅकेट, पँट भारताच्या प्रवासाला वापरूच नका. एखादं काडतूस खिशाच्या शिवणीत राहून जातं आणि आपल्या विमानतळावर एक्सरेत दिसतं, मग शस्त्र कायद्याखाली केस, पासपोर्ट जमा, नोकरीवर परत जाणं लांबतं. दुसरी बॅग घ्या, तरी प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. आणि ऑगस्टमध्ये पोळ्या-गणपतीला गावी यायचा बेत असेल तर निघण्याआधी तारीख बघा, १५ ऑगस्टच्या आत निघत असाल तर पुढचं लायसन गावात बसून फोनवरून काढा, ३१ ची रात्र उलटायच्या आत.